तोटी भाजली: होय

मला खोली देण्याआधी आमच्या घरमालकांनी माझा डावा दंड पाहायला मागितला. पासपोर्ट, विद्यापीठाचं पत्र, पगाराचे कागद असं सगळं मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ओळीने लावून नेलं होतं. त्याला त्यांनी हातही लावला नाही. मी बाही वर केल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, लहानपणी टोचलेल्या क्षयाच्या लशीचा व्रण जवळून पाहिला आणि म्हणाले, "सुबक काम आहे." मग छातीचा एक्स-रे शेवटचा कधी काढला ते विचारलं आणि किल्ली हातात दिली. माझ्या एम.टेक.च्या प्रबंधाकडे आखनमध्ये तोवर कोणी इतक्या आदराने पाहिलं नव्हतं.

गाव जर्मनीतल्या आखनपासून बसने पाऊण तासावर. बेल्जियमची हद्द इतकी जवळ की मोबाइल दिवसातून दोनदा परदेशी जाऊन येई. मी विद्यापीठात सांडपाण्यावर पीएच.डी. करत होते. वरच्या मजल्यावर मी आणि संगमनेरची शलाका, तीही विद्यापीठातच, धातूंवर काम करणारी. खाली घरमालक एकटे. वय ऐंशीच्या पुढे. पन्नासच्या दशकात ते आमच्यापेक्षाही लहान असताना तिथल्या आरोग्य कचेरीत तपासनीस म्हणून लागले. विहिरी, गोठे, खाटकांची दुकानं, शाळेतल्या पोरांच्या डोक्यातल्या उवा, हे सगळं त्यांच्या अखत्यारीत. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली होती, पण निवृत्ती फक्त कचेरीच्या इमारतीपुरती लागू होते, असं त्यांचं मत असावं.

शलाकाने त्यांचं नाव 'सॅनिटरी काका' ठेवलं. तिच्या गावी नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर आला की हॉटेलवाले आधी चहा आणि मग रजिस्टर पुढे करत. इथे चहाचा उपयोग नव्हता. महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दारावर तीन टकटक होत आणि हातात चामडी बॅग घेऊन काका आत येत. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवत. तो स्थिर होईपर्यंत सिंकखालचं कपाट, कचऱ्याचे चार डबे आणि खिडकीची फट पाहून घेत. डब्याचं झाकण उघडून वास घेत, पण वासावरून कधी काही ठरवत नसत. "वास ही तक्रार असते, पुरावा नसतो," म्हणत. शेवटी बॅगेतून कार्बनपेपर लावलेलं पुस्तक काढून तीन प्रतींत 'बेफुंड' लिहीत. बेफुंड म्हणजे तपासणीत काय आढळलं ते. एक प्रत आम्हाला, एक त्यांच्या फायलीला आणि तिसरी, बंद झालेल्या कुठल्याशा विभागाला, म्हणजे पुन्हा त्यांच्याच फायलीला. 'खिडकीच्या वरच्या कडेवर धूळ, बोटभर. गरम मसाला: अनोळखी, निर्दोष.' शलाका या चिठ्ठ्या फ्रिजवर लावी आणि खाली देवनागरीत 'दखल घेतली' लिहून सही करी. ती सही पाहून ते फार समाधान पावत.

विरजणाचा प्रश्न मात्र दोन महिने चालला. दूध मुद्दाम रात्रभर उबेत ठेवायचं, ही गोष्ट एकेकाळच्या दूध-तपासनिसाला सांगणं म्हणजे पोलिसाला आपण दार उघडं टाकून झोपतो असं सांगणं. त्यांनी पातेल्याशेजारी थर्मामीटर टांगला, सकाळ-संध्याकाळ नोंदी घेतल्या, शेवटी एक वाटी दही साखर न घालता उभ्यानेच खाल्लं. बेफुंडमध्ये लिहिलं, 'प्रक्रिया नियंत्रणात आहे. नियंत्रण कोणाचं आहे ते स्पष्ट नाही.'

त्यांचं बोलणं बहुतेक वेळा त्या जुन्या कचेरीकडे वळे. कचेरी म्हणजे युद्धातून वाचलेल्या शाळेच्या दोन खोल्या, एक टाइपरायटर, एक मोपेड आणि एक साहेब. साहेब म्हणजे सरकारी डॉक्टर. ते गालावरची कॉलेजातल्या तलवारबाजीची जुनी खूण आधी आणि चेहरा मागाहून दिसेल असे बसत. गावोगाव एक्स-रेची बस फिरे तेव्हा ते पहिल्या दिवशी भाषण करायला येत आणि स्वतःची छाती तपासून घ्यायची वेळ आली की त्यांना नेमकी दुसरीकडे बैठक असे. कुत्र्यांना घाबरत, म्हणून शेतावरच्या तपासण्या गाडीची काच वर करूनच करत. एकदा गावच्या नेमबाज मंडळाच्या जत्रेत काकांनी बीअरच्या नळ्या उघडून पाहिल्या आणि आत जे दिसलं त्यावरून ऐन उद्घाटनाच्या वेळी मंडप बंद केला. शंभर तहानलेली माणसं साहेबांना शोधू लागली. साहेब स्वच्छतागृहाची पाहणी करत होते. ती पाहणी दीड तास चालली.

हे सांगताना काका हसत नसत. हसू आलं की ते नाक शिंकरत.

कचेरीचा एकच नियम त्यांना पवित्र होता: जे पाहिलं तेच लिहायचं. साहेबांनी कितीही भाषणं केली तरी शेवटी फॉर्म मोपेडवरच्या माणसाने भरलेला असतो, आणि गाव त्या फॉर्मवर निजतं, असं ते म्हणत. या एका बाबतीत ते चेष्टा करत नसत आणि करूही देत नसत.

आता झऱ्याकडे वळते. गावाच्या वरच्या अंगाला एक लहानसं चॅपेल आहे. त्याच्या भिंतीतून लोखंडी तोटी बाहेर आलेली आणि तिच्यातून झऱ्याचं पाणी अखंड वाहतं. डोळ्यांना चांगलं, अशी त्याची ख्याती होती. पन्नासच्या दशकात आसपास विषमज्वराचे रुग्ण निघाले, सगळे पाणवठे तपासायचा हुकूम सुटला, आणि नोकरीला नवे असलेल्या काकांनी आणलेल्या नमुन्यात जंतू सापडले. तोटीवर पाटी लागली: पिण्याचे पाणी नाही. जर्मनीत पाणी बंद करायला चावी लागत नाही, पाटी पुरते. साठ वर्षं ते पाणी वाहत राहिलं आणि एकाही माणसाने ओंजळ पुढे केली नाही. काकांची ती पहिली मोठी कामगिरी. फिरायला गेले की ते पाटीशी थांबत आणि रुमालाने ती पुसत.

मी तिथे राहायला गेल्यानंतरच्या दुसऱ्या वसंतात गावच्या नगराध्यक्षांनी झरा पुन्हा खुला करायचं ठरवलं. उतारावर नवा सायकलमार्ग झाला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांना काहीतरी दाखवायला हवं होतं. नगरपालिकेने बाहेरच्या प्रयोगशाळेकडून पाणी तपासून घेतलं, अहवाल स्वच्छ आला, बँडला तारीख सांगितली गेली. काकांनी अहवाल मागवून वाचला आणि एकच प्रश्न विचारला: नमुना घेताना कोणी पाहिलं? नगराध्यक्षांनी उत्तर दिलं नाही. उलट, शाळेच्या नळावरून दोघांचं आदल्या वर्षी वाजलं होतं, त्याची आठवण देऊन, गावाच्या मालमत्तेला परवानगीशिवाय हात लावू नये असं लेखी कळवलं.

ते पत्र घेऊन काका वर आले. पहिला सोमवार नसताना आले, त्यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे कळलं. त्यांना माझी प्रयोगशाळा हवी होती. पाटी चुकीची ठरली तर आपली पहिली सही चुकीची ठरते, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. शलाका मागून मराठीत म्हणाली, "जा बाई, नाहीतर आपल्या फ्रिजचं काही खरं नाही."

रविवारी दहा वाजता अख्खं गाव खालच्या मोठ्या चर्चमध्ये असतं. त्या वेळी आम्ही दोघं चॅपेलशी पोहोचलो. काकांनी नेकटाय बांधला होता, कारण बेकायदा काम असलं तरी ते सरकारी पद्धतीने व्हायला हवं. ते रस्त्याकडे तोंड करून पहारा देत उभे राहिले. मी निर्जंतुक बाटली भरली, झाकण लावलं, बर्फाच्या डब्यात ठेवली. त्यांनी बॅगेवर फॉर्म ठेवून जुने रकाने असलेल्या कागदावर भराभर खुणा केल्या, आणि आम्ही चर्चमधली प्रार्थना सुटायच्या आत घरी आलो.

मंगळवारी प्रयोगशाळेतल्या बशीवर जंतूंचे ठिपके उगवले होते, भरघोस. त्या संध्याकाळी काकांनी दोनदा नाक शिंकरलं. बुधवारी सकाळी नगराध्यक्षांना रजिस्टर पत्राने हरकत गेली, सोबत फॉर्मची प्रत. आमची प्रत फ्रिजवर लागली.

गुरुवारी चहा होईपर्यंत मी ती सहज वाचत होते. चौथा रकाना होता: तोटी भाजली. पुढे 'होय'वर खूण.

हे काय असतं ते सांगायला हवं. पिण्याच्या पाण्याचा नमुना घेण्याआधी नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने किंवा ज्योतीने नीट भाजून घेतात. नाहीतर तोंडाला चिकटलेलं शेवाळ, पक्ष्यांची घाण, कोणाचे हात, हे सगळं बाटलीत उतरतं आणि दोष पाण्याच्या माथी बसतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे शिकवतात. मलाही शिकवलं होतं. पण मी तीन वर्षं सांडपाण्याचे नमुने घेत होते, आणि सांडपाण्याला बाहेरून आणखी काय बाटवणार? ती सवयच मोडली होती. मी तोटी भाजली नव्हती. साठ वर्षांचं शेवाळ असलेल्या तोटीखाली मी बाटली धरली होती.

मी खाली गेले. काका बटाटे सोलत होते.

"मी तोटी भाजली नव्हती," मी म्हटलं.

"फॉर्मवर होय आहे."

"खूण तुम्ही केलीत."

"तुम्ही भाजलीत म्हणून."

"तुम्ही रस्त्याकडे पाहत होतात."

त्यांनी सुरी खाली ठेवली. आता चाळीस वर्षांच्या नोकरीतला सगळा अनुभव माझ्यावर कोसळणार अशी माझी खात्री होती. त्यांनी खुर्ची पुढे केली. दीड वर्षात पहिल्यांदा मी त्यांच्याकडे बसले.

"असं आहे," ते म्हणाले, "हे मी दुसऱ्यांदा केलंय."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या उन्हाळ्यात साहेबांनी एका दिवसात सगळ्या गावांचे नमुने मागितले होते. मोपेडवर बाटल्यांची पेटी होती, पण स्पिरिट नव्हतं. कचेरीचं शुद्ध स्पिरिट दर उन्हाळ्यात साहेबांच्या घरी जाई आणि हिवाळ्यात काळ्या बेदाण्यांचं मद्य होऊन काही विशेष पाहुण्यांपुढे येई. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते सांगण्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. तोटी भाजली, होय की नाही, हा रकाना मात्र होता. 'नाही' लिहिलं असतं तर नमुना रद्द झाला असता, का नाही हे विचारलं गेलं असतं. बाविशीतल्या काकांनी 'होय'वर खूण केली. पुढची सगळी नोकरी त्यांनी कोणतीही तोटी अशी भाजली की लोक वितळेल म्हणून ओरडत.

मी त्यांची समजूत काढायला गेले. तेव्हा वर गोठे होते, विषमज्वर होता, पाणी बहुधा खराबच असणार, पाटीने काहींचा जीवही वाचला असेल.

"पाणी खराब असेलही," ते म्हणाले. "चांगलंही असेल. मला माहीत नाही. मी मात्र माहीत आहे असं लिहिलं."

त्यांनी नगराध्यक्षांकडे रीतसर परवानगी मागितली, आणि हरकत मागे घ्यायची शक्यता दिसल्यामुळे ती एका दिवसात मिळाली. या वेळी आम्ही भर दुपारी गेलो. काकांनी दोन नमुने घ्यायला लावले. एक तोटी तशीच ठेवून. मग त्यांनी चिमट्यात स्पिरिटचा बोळा धरून ती स्वतः भाजली, आत-बाहेर, खालून, पुन्हा आत. सायकलवरून जाणारी दोन माणसं थांबली आणि चॅपेलला आग लावणाऱ्या या नेकटायवाल्या म्हाताऱ्याचा फोटो काढून गेली. मग दुसरा नमुना. दोन दिवसांनी मी दोन्ही बश्या घरी आणल्या. काकांनी त्या खिडकीत उजेडाशी धरल्या. एकीवर ठिपके, दुसरी कोरी. ते बराच वेळ कोऱ्या बशीकडेच पाहत होते.

शलाकाचं म्हणणं होतं की हरकत मागे घेतली, झालं. जुनी गोष्ट माहीत असलेलं आता कोण उरलंय? साहेब जाऊन चाळीस वर्षं झाली. मीही काकांना तेच सांगितलं. लोण्यात केस सापडावा तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी आरोग्य कचेरीला साठ वर्षांपूर्वीच्या अहवालाची दुरुस्ती पाठवली, तीन प्रतींत. कचेरीने सभ्य उत्तर दिलं: संबंधित फाइल जतनाची मुदत संपल्यामुळे नष्ट केली आहे, त्यामुळे दुरुस्ती जोडता येत नाही, स्वच्छतेबाबतच्या आपल्या आस्थेबद्दल आभार.

"चूक नष्ट केली," काका म्हणाले, "आणि पाटी ठेवली."

उद्घाटन मे महिन्यातल्या शनिवारी झालं. बँड, अग्निशमन दलाची पोरं, गळ्यात पदकाची साखळी घातलेले नगराध्यक्ष, सोन्याच्या कडेचा पेला. एका साध्या तोटीला इतका सरंजाम मी आमच्याकडच्या पाणीपुरवठा मंत्र्यांच्या दौऱ्यातही पाहिला नव्हता. हरकत मागे आल्यामुळे नगराध्यक्ष उदार झाले होते. भाषणात त्यांनी काकांचं कौतुक सुरू केलं. त्या कठीण काळात एका तरुण अधिकाऱ्याच्या जागरूकतेने हे गाव वाचलं, आणि आज तोच अधिकारी—

काकांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "दुरुस्ती," ते म्हणाले.

नगराध्यक्ष हसून पुढे बोलू लागले. हात वरच. शेवटी त्यांना थांबावंच लागलं. काकांनी खिशातून कागद काढला आणि उभ्याने वाचला. तारीख नमुन्याची, वेळ, मोपेड, स्पिरिट नसणं, खूण. साहेबांच्या मद्याचा उल्लेख केला नाही. ते आपण पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं, असं त्यांनी मला मागाहून सांगितलं. शेवटचं वाक्य होतं की पाटी लावण्याइतकं मला माहीत नव्हतं.

काही लोक हसले. म्हातारा गंमत करतोय असं त्यांना वाटलं असावं. बँडमास्तरांनी प्रसंग सावरायला म्हणून दांडी उचलली. पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत लेनी आजी होत्या, चॅपेलच्या वरच्या अंगाच्या घरातल्या, नव्वदीच्या जवळच्या. त्यांनी बँडमास्तरांकडे नुसतं पाहिलं आणि दांडी खाली आली.

"म्हणजे त्या पाटीपायी मी दोन हिवाळे खालच्या पंपावरून पाणी वाहिलं?" त्यांनी विचारलं. "नळ येईस्तोवर? पोटात थोरला असताना?"

"होय," काका म्हणाले.

"आणि मला वाटायचं, तू आमचा जीव वाचवलास. दर नाताळाला तुला केक पाठवत आले मी, पोरा."

"अठ्ठावन्न केक," काका म्हणाले. "एक वर्ष तुम्ही इस्पितळात होतात."

आता हसायचं की नाही हे कोणालाच कळेना. नगराध्यक्ष पेला हातात धरून उभे होते आणि पाणी बाहीत ओघळत होतं. लेनी आजींनी थोडा विचार केला. घरात नळ होता, पाण्याची त्यांना काही गरज नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"केक तू खाल्लेस, ते काही परत येत नाहीत," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी या झऱ्याचं पाणी आणून दे मला. दोन हिवाळे."

काकांनी ते मान्य केलं. कधीपासून, किती लिटर आणि बर्फ असेल तर काय, हे त्यांनी तिथेच विचारून घेतलं. बर्फाला सूट मिळाली नाही.

पुढच्या शनिवारी ते एनॅमलची किटली घेऊन निघाले. चढ वाईट होता, मी किटली घेऊ लागले तर त्यांनी घेऊ दिली नाही. तोटी भाजली, दहा मिनिटं पाणी वाहू दिलं, किटली भरली आणि आम्ही आजींच्या दारात पोहोचलो. आजींनी झाकण काढून किटली खिडकीशी धरली. आत बोट फिरवलं. बोट उजेडात धरून पाहिलं. मग सगळं पाणी खिडकीतूनच गुलाबाच्या आळ्यात ओतलं आणि रिकामी किटली काकांच्या हातात दिली.

"चोचीत चुना साठलाय," त्या म्हणाल्या. "घासून परत आण."

आम्ही पुन्हा उतरलो. काका वाटेत दोनदा थांबून नाक शिंकरत होते. त्यांनी किटलीची चोच स्वतःच्या डोळ्यांशी धरून पाहिली आणि मला दाखवली. चुना खरंच होता. साठ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांचं काम नीट तपासलं होतं, आणि ते इतक्या भराभर चालले की उतारावर मला त्यांना गाठता येईना.